दयेला जाब विचारता येत नाही

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी चौकात उभे राहिले की फ्लेक्सवर एखादा समाजसेवक भेटतोच. पांढरा सदरा, जोडलेले हात, नावाखाली 'युवा उद्योजक तथा समाजसेवक' आणि त्याखाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. त्याच गावाच्या सरकारी रुग्णालयात, केसपेपरच्या खिडकीपासून थोड्या अंतरावर, एका दारावर 'समाजसेवा अधीक्षक' अशी पाटी असते. आत बसलेल्या सोशल वर्कर मॅडमना बहुतेक नातेवाईक कारकून समजतात आणि सही-शिक्का घेऊन निघून जातात. शब्द एकच, पण माणसे अगदी वेगळी. त्यांच्यातला फरक मनाच्या चांगुलपणाचा आहे असे समजण्याचे कारण नाही. फ्लेक्सवरचा माणूसही मनापासून रक्तदान शिबिर भरवत असेल, शाळेत वह्या वाटत असेल. पण यंदा त्याने वह्या वाटल्या नाहीत, किंवा आपल्याच आळीत वाटल्या, तर त्याला कुणी बोलू शकत नाही. ती त्याची मर्जी. मॅडमना मात्र विचारता येते: या रुग्णाचा अर्ज का अडला? या बाईला न विचारता तिच्या सासरी फोन का केला? या मुलाबद्दल अहवालात असे का लिहिले? समाजकार्य हा व्यवसाय समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी लागते. मदत करणारे समाजात पूर्वीही होते, आजही आहेत. मदत घेणाऱ्याला मदत करणाऱ्याकडे हिशेब मागता यावा, ही या व्यवसायाने घातलेली भर आहे, आणि त्याचे शिक्षण, त्याच्या पद्धती, त्याच्या कंटाळवाण्या नोंदी या सगळ्याचा अर्थ त्या एका गोष्टीतून उलगडतो.

रुग्णालयापासूनच पाहू. क्षयरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. साध्या क्षयाचा उपचार किमान सहा महिने चालतो आणि त्या काळात सकस आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. म्हणजे निदान झाले, औषध आहे, थोडा पैसाही आहे. तरी दोन महिन्यांत खोकला थांबला की अनेकांच्या गोळ्या थांबतात. त्याचे कारण एक्स-रेमध्ये दिसत नाही. रुग्ण बीडकडचा ऊसतोड मजूर असेल, तर हंगाम सुरू होताच तो कोयता घेऊन बिऱ्हाडासह निघून जातो, आणि आधी उचल घेतलेली असल्याने मुकादम त्याला दवाखान्याच्या तारखेला सोडत नाही. रुग्ण नुकतेच लग्न झालेली मुलगी असेल, तर सासरी कळू नये म्हणून ती गोळ्या धान्याच्या डब्यात लपवते. तिसऱ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले नसते, म्हणून त्याचे पैसे कुठेतरी अडकून पडतात. तिघांचा रोग एकच, औषध एकच, पण अडचणी तीन आणि उपायही तीन. पहिल्याचा उपचार साखर कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करावा लागतो. दुसरीच्या घरच्यांशी बोलायचे की नाही, हे आधी तिलाच विचारावे लागते. तिसऱ्याबरोबर एखादा दिवस बँकेत घालवावा लागतो. 'पथ्य पाळा, गोळ्या चुकवू नका' असा उपदेश तिघांना सारखाच करता येतो आणि तो तिघांनाही सारखाच निरुपयोगी ठरतो.

डॉक्टरांच्या नजरेतून निसटणारी ही बाजू सांभाळायला वेगळा माणूस हवा, हे पहिल्यांदा ज्यांनी ओळखले त्यांत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले डॉ. रिचर्ड कॅबट होते. त्यांनी १९०५ मध्ये रुग्णालयात सामाजिक कामासाठी कर्मचारी नेमले. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये पहिली वैद्यकीय समाजकार्यकर्ती नेमली गेली. आज या कामाला महाराष्ट्रात कायद्याचे पाठबळही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १,८०,००० आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये आहे, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम रुग्णांसाठीच्या वेगळ्या निधीत जमा करावी लागते. हे नियम बहुतेक रुग्णांना ठाऊक नसतात. ते ठाऊक असलेला, तहसीलदाराचा दाखला कुठे मिळतो हे सांगणारा आणि खाट 'शिल्लक नाही' म्हटल्यावर नोंदवही पाहणारा माणूस म्हणजे वैद्यकीय समाजकार्यकर्ता. इथे दयेचा प्रश्नच येत नाही. रुग्णाचा हक्क आधीच ठरलेला आहे. तो कागदावरून खाटेपर्यंत आणणे एवढेच काम आहे, आणि ते अजिबात लहान नाही.

लहान मुलांच्या बाबतीत हे काम आणखी नाजूक होते. बाल न्याय कायदा २०१५ सांगतो की काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल सापडल्यावर २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीसमोर हजर केले पाहिजे. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलासाठी वेगळे बाल न्याय मंडळ असते: त्यात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांपैकी किमान एक महिला. मंडळासाठी परिविक्षा अधिकारी दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल तयार करतो. मुलाचे घर कसे आहे, शाळा कधी सुटली आणि का सुटली, संगत कोणाची, गुन्ह्यात मोठ्या माणसांनी त्याला वापरले का, घरी परत पाठवले तर त्याची जबाबदारी कोण घेईल, या प्रश्नांची उत्तरे वस्तीत जाऊन, शेजाऱ्यांशी आणि शिक्षकांशी बोलून मिळवावी लागतात. 'आई धुणीभांडी करते, बाप दारू पितो' असे एका ओळीत लिहून टाकणे सोपे असते. पण आई दिवसाला चार घरे करून रात्री मुलाला शिकवणीला सोडते, हे शोधून लिहिले तर मुलाचा मार्ग बदलू शकतो. या पदांवरच्या माणसांच्या निर्णयाचे वजन किती असते हे मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरातल्या मोटार अपघातानंतर अख्ख्या देशाने पाहिले. अल्पवयीन आरोपीला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली आणि गदारोळ उठला; पुढे त्या मंडळाच्या दोन अशासकीय सदस्यांना राज्य सरकारने पदावरून दूर केले. त्या निर्णयाविषयी मत काहीही असो, अशा जागी बसलेल्याला समाजाने जाब विचारला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. चौकातल्या समाजसेवकाला तो कधीच द्यावा लागत नाही.

तिसरे क्षेत्र घराच्या उंबऱ्याआतले. मार खाल्लेल्या बाईला आपल्याकडे सल्ला देणाऱ्यांचा कधी तुटवडा नव्हता. सासरचे, माहेरचे, भावकीतले, पोलीस ठाण्यातले हवालदार, सगळे तिची 'समजूत घालतात', आणि समजूत म्हणजे बहुधा तिने परत जायचे असते. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात, पण पोलीस नसलेली प्रशिक्षित समाजकार्यकर्ती तक्रार ऐकायला बसली, ही त्या काळी नवी कल्पना होती. पुढे हा प्रयोग महाराष्ट्राच्या जिल्ह्यांत आणि इतर राज्यांतही पोचला. या कक्षात तक्रार घेणाऱ्या बाईला एक शिस्त पाळावी लागते: घर सोडायचे, परत जायचे की खटला भरायचा, हे ठरवण्याचा अधिकार समोरच्या बाईचा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, संरक्षण अधिकारी दिला, पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत ठेवण्याची तरतूद केली. हे पर्याय तिच्यापुढे नीट मांडायचे, प्रत्येकाचा धोका सांगायचा, ती परत जाणार असेल तर संकटाच्या रात्री कुणाला फोन करायचा हे आधी ठरवून ठेवायचे, आणि मग तिचा निर्णय आपल्याला पटला नाही तरी तिला सोडून द्यायचे नाही. फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये समाजकार्यातल्या नात्याची सात तत्त्वे मांडली, त्यांत हा स्वनिर्णय आहे, आणि माणसाला दोषी न ठरवता ऐकणे व गोपनीयता हीही आहेत. अर्थात गोपनीयतेलाही हद्द असते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे, समाजकार्यकर्त्यालाही. कुठे गप्प बसायचे आणि कुठे बोलायचेच, हे नुसत्या सद्भावनेने ठरत नाही. ते शिकावे लागते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो वजनदारही आहे. माणुसकी शिकवायला पदवी कशाला? महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा कुठले महाविद्यालय होते? बाबा आमटे वकील होते, सिंधुताई सपकाळ यांचे शालेय शिक्षण चौथीपलीकडे गेले नव्हते. त्यांच्यापुढे कुठल्या पदवीधराने उभे राहावे? आक्षेपातला आदर योग्य आहे, निष्कर्ष चुकीचा. वाट नसते तिथे पहिले पाऊल टाकणारी माणसे वेगळ्याच मातीची असतात आणि कोणताही अभ्यासक्रम ती घडवू शकत नाही. पण प्रत्येक जिल्ह्यातल्या प्रत्येक बालगृहात, प्रत्येक रुग्णालयात रोज एक सिंधुताई मिळेल, अशा भरवशावर व्यवस्था उभी करता येत नाही. शिवाय या थोर माणसांचे काम बारकाईने पाहिले तर त्यात पद्धत दिसतेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले, जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद ठेवली आणि घरोघरी दिलेल्या नवजात सेवेने बालमृत्यू किती घटले हे मोजून दाखवले. १९९९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, म्हणून तो गडचिरोलीबाहेर पोचला. कळवळा त्यांनाही होता, पण देशाने उचलली ती त्यांची नोंदवही.

खुद्द महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासातच ही वाट दिसते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापला तो लोकसेवेसाठी शिकून तयार झालेली, पूर्णवेळ माणसे हवीत म्हणून. त्याच समाजातले नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावातल्या चाळींत वाचनालये, रात्रशाळा, दवाखाने चालवताना कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्याची गरज ओळखली. नंतर क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकी मिशनरी नागपाड्याच्या वस्तीत काम करत असताना, टाटांच्या विश्वस्त निधीतून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. भारतातली ही समाजकार्याची पहिली शाळा, आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. पुढे तीच टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. अमेरिकेत या व्यवसायाला स्वतःची लायकी सिद्ध करावी लागली होती. अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१५ मध्ये एका परिषदेत थेट सांगितले की समाजकार्य हा वैद्यक किंवा वकिलीसारखा व्यवसाय नव्हे, कारण त्याला स्वतःचे असे तंत्र नाही. दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, मेरी रिचमंड यांचे 'सोशल डायग्नोसिस' हे पुस्तक आले. मदत मागायला आलेल्या माणसाविषयी कोणता पुरावा गोळा करायचा, तो कसा तपासायचा आणि ऐकीव गोष्ट कुठे बाजूला ठेवायची, हे त्यात सविस्तर आहे. फ्लेक्सनर यांना मिळालेले हे उत्तर आजही पुरेसे आहे.

मदतीला हिशेब लागू न केल्यास काय होते याचा सर्वांत भयंकर पुरावा मात्र बिहारमधून आला. तिथल्या समाजकल्याण विभागाने राज्यातल्या निवारागृहांची सामाजिक तपासणी करण्याचे काम टाटा संस्थेच्या 'कोशिश' या प्रकल्पाकडे दिले. ही गृहे सरकारी निधीवर, अनेक ठिकाणी स्वयंसेवी संस्थांमार्फत चालत होती, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला ती समाजसेवाच होती. तपासणी करणाऱ्यांनी हजेरीपट आणि खर्चाची बिले पाहून परत फिरायचे नाकारले. ते मुलामुलींजवळ बसले, त्यांचे बोलणे ऐकले. २०१८ मध्ये त्यांनी दिलेल्या अहवालातून मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातले लैंगिक अत्याचार उजेडात आले, आणखी अनेक संस्थांतल्या छळाचीही त्यात नोंद होती. तपास सीबीआयकडे गेला आणि २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. संस्थेच्या चालकाला जन्मठेप झाली. त्या घरात येणारे-जाणारे कमी नव्हते. अधिकारी येत, कागद भरले जात. पण मुलीला बोलते कसे करायचे, ती गप्प बसली तर त्या गप्प बसण्याचा अर्थ काय, आणि ऐकलेले असे कसे लिहायचे की ते दडपता येणार नाही, हे प्रशिक्षित कानांनाच जमले. एक बाजू इथे प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे: त्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांत बालसंरक्षणाच्या यंत्रणेतलेही लोक होते. पद, समिती आणि पाटी यांनी माणूस आपोआप नेक होत नाही. म्हणूनच तपासणी बाहेरच्याने करायची, नोंद लेखी ठेवायची आणि मुलाचा शब्द प्रथम ऐकायचा, हे नियम माणसांच्या चांगुलपणावर विसंबून राहत नाहीत.

दुसरा आक्षेप चळवळीतल्या माणसांकडून येतो. पगारी समाजकार्य लढ्याची धार बोथट करते, असे ते म्हणतात. जमीन गेलेल्या आदिवासीला समुपदेशन करायचे की जमीन परत मिळवून द्यायची? परदेशी पुस्तकांतून आलेली ही विद्या माणसाला व्यवस्थेशी जुळवून घ्यायला शिकवते आणि जात, जमीन, मजुरी यांना हात लावत नाही. या टीकेत तथ्य आहे. बरीच वर्षे आपल्या वर्गांत अमेरिकी कुटुंबांची उदाहरणे शिकवली गेली आणि जातीचा विषय एखाद्या तासात उरकला गेला. अनुदान देणाऱ्याच्या अटी सांभाळताना संस्था अहवालातच रमतात, हेही खरे. पण व्यक्तीला मदत आणि व्यवस्थेशी झगडा यांत निवड करावी लागते, असे अनुभव सांगत नाही. समाजकार्याच्या सहा पद्धतींत व्यक्तीबरोबरचे काम आणि गटकार्य यांच्या जोडीला समुदाय संघटन, प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती याही आहेत. १९९६ मध्ये मुंबईत टाटा संस्थेचाच एक प्रकल्प म्हणून १०९८ ही मुलांची हेल्पलाइन सुरू झाली, तेव्हा ती एकेका मुलाच्या फोनला उत्तर देत होती. त्या फोनांच्या नोंदी साठत गेल्या तेव्हा मुलांना कुठून कसला धोका आहे याचे चित्र तयार झाले आणि तीच सेवा पुढे देशभर पसरली. एका माणसाची केस नीट लिहिली की ती शंभरांच्या मागणीचा पुरावा होते. मोर्चाला जाणाऱ्याच्याही हातात तो पुरावा असलेला बरा.

आता ज्यांना या कामात यायचे आहे त्यांच्यासाठी. बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला समाजकार्यातली पदवी, म्हणजे बी.एस.डब्ल्यू., घेता येते. पण मुख्य दरवाजा एम.एस.डब्ल्यू.चा, म्हणजे दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा आहे, आणि तो कोणत्याही विषयातल्या पदवीधराला उघडा आहे. वाणिज्य, शेती, परिचर्या, अभियांत्रिकी अशा सगळ्या वाटांनी विद्यार्थी इथे येतात. मुंबईत टाटा संस्था आणि १९५५ पासूनचे निर्मला निकेतन, पुण्यात १९६३ मध्ये सुरू झालेली कर्वे समाजसेवा संस्था, नागपुरात मातृसेवा संघाचे समाजकार्य महाविद्यालय, कोल्हापुरात सायबर ही परिचित नावे. ग्रामीण प्रश्नांत रस असणाऱ्यांसाठी टाटा संस्थेचे तुळजापूरचे केंद्र आहे. टाटा संस्थेत पदव्युत्तर प्रवेश राष्ट्रीय पातळीवरच्या सीयूईटी परीक्षेतून होतात. राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालये उच्च शिक्षण विभागाऐवजी सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत आहेत, हे शिष्यवृत्ती आणि सवलतींची चौकशी करताना लक्षात ठेवावे. दुसऱ्या वर्षी बहुतेक ठिकाणी विशेष विषय निवडावा लागतो: वैद्यकीय व मनोविकार, कुटुंब व बालकल्याण, समुदाय विकास, गुन्हेगारी व सुधारसेवा किंवा मनुष्यबळ. शेवटच्या विषयाकडे ओढा जास्त, कारण कंपन्यांतल्या नोकऱ्या तिथे आहेत. त्याला इतिहासही आहे: १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले, तेव्हापासून हे शिक्षण आणि कारखाने यांचे नाते आहे.

महाविद्यालय निवडताना इमारत आणि नाव यांपेक्षा क्षेत्रकार्य कसे चालते हे पाहावे, कारण या शिक्षणाचा कणा तोच आहे. आठवड्याचे साधारण दोन दिवस विद्यार्थी वर्गात नसतो. वस्ती, शाळा, रुग्णालय, न्यायालय, कारागृह किंवा एखादी संस्था हा त्याचा वर्ग. परत आल्यावर त्याला रेकॉर्डिंग लिहावे लागते: कोणाला भेटलो, काय बोललो, ते काय म्हणाले, मी काय चुकलो. मग दर आठवड्याला पर्यवेक्षक प्राध्यापकाबरोबर वैयक्तिक बैठक होते, जिला विद्यार्थी 'आयसी' म्हणतात, आणि गटाची 'जीसी'. आयसीत वाक्यावाक्याला प्रश्न निघतात. 'बाई सहकार्य करत नव्हत्या' असे लिहिलेस, म्हणजे नेमके काय झाले? त्या गप्प होत्या की तू मध्येच बोललास? त्यांना 'अहो' म्हणालास की 'अगं'? वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या उलटतपासणीत विद्यार्थी हिशेब द्यायला शिकतो. उद्या मंडळासमोर किंवा न्यायाधीशासमोर त्याला हेच करायचे असते. आयसी नियमित होत नाही, रेकॉर्डिंग न वाचताच सही होते, किंवा क्षेत्रकार्य म्हणजे संस्थेच्या कार्यक्रमात सतरंज्या घालणे असते, अशा महाविद्यालयाची पदवी कागदापुरतीच. ग्रामीण शिबिर आणि शेवटचे महिनाभराचे सलग काम, ज्याला ब्लॉक प्लेसमेंट म्हणतात, यांचीही चौकशी आजी-माजी विद्यार्थ्यांकडे करावी.

तिसरा आक्षेप पालकांचा आहे, आणि त्याला गोड उत्तर नाही. यात पोट भरेल का? सरकारी वाटा आहेत: समाजसेवा अधीक्षक, परिविक्षा अधिकारी, समाजकल्याण आणि महिला व बालविकास विभागातली पदे, महापालिकांतले समुदाय संघटक. पण नियमित जागा कमी आणि कंत्राटी जागा भरपूर. प्रकल्प संपला की नोकरी संपते. ज्या हातात बालहक्काची फाइल असते, त्याच हातात अकरा महिन्यांचा करार असतो. याचे मूळ आपल्या भाषेतही आहे. मराठीत 'व्यावसायिक' म्हटले की पैशाचा वास येतो आणि 'सेवा' म्हटले की मोबदला मागणे लाजिरवाणे वाटते. त्यामुळे सेवा करणाऱ्याने पगाराबद्दल बोलू नये, अशी सोयीची समजूत राज्यकर्ते आणि संस्थाचालक दोघेही बाळगतात. जोपर्यंत हे काम उपकार मानले जाईल, तोपर्यंत त्याचा पगारही दक्षिणेसारखाच राहील. कायद्यालाही अजून पुरती स्पष्टता आलेली नाही. वकील, परिचारिका, वास्तुविशारद यांच्यासारखी नोंदणी करणारी स्वतंत्र राष्ट्रीय परिषद समाजकार्यासाठी नाही, म्हणून 'समाजसेवक' हे बिरूद कुणीही लावू शकतो. बाल न्याय मंडळावरच्या सामाजिक कार्यकर्त्यालाही समाजकार्याच्या पदवीची अट नाही. मुलांच्या क्षेत्रातला सात वर्षांचा सक्रिय अनुभव, किंवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र अथवा कायदा यांतली पदवी असलेला व्यावसायिक चालतो. याउलट ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला 'सोशल वर्कर' म्हणवणे हा गुन्हा ठरू शकतो.

चित्र हळूहळू बदलते आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्याच केली: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांची एम.फिल. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद करण्याचे ठरले असल्याने या वाटेने जाणाऱ्यांनी प्रवेशापूर्वी ताजे नियम पाहून घ्यावेत. २०२१ च्या आरोग्यसेवा संलग्न व्यवसायांच्या कायद्यानेही वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांना आपल्या यादीत घेतले. नोंदणी आली की अनुभवाने मोठे झालेले, पदवी नसलेले कार्यकर्ते बाहेर फेकले जातील, ही भीती रास्त आहे, आणि त्यांच्यासाठी अनुभवाला मान्यता देणारी वाट ठेवलीच पाहिजे. पण नोंदणीचा खरा उपयोग दरवाजा बंद करण्यात नाही. चुकीचा अहवाल लिहिणाऱ्याविरुद्ध, गुपित फोडणाऱ्याविरुद्ध झोपडपट्टीतल्या एखाद्या आईला तक्रार करता येईल असे एक दार नोंदणीमुळे उघडते. आज ते दार नाही.

या व्यवसायात कामाच्या शेवटच्या टप्प्याला 'केस बंद करणे' म्हणतात. ऐकायला तो शब्द कोरडा आहे. त्याचा अर्थ असा की गोळ्यांचे सहा महिने पुरे झाले, मुलगा शाळेत परत बसला, बाईने स्वतःचा निर्णय स्वतः घेतला आणि आता तिला या खोलीत यायची गरज उरलेली नाही. त्यानंतर ती मॅडमना विसरून गेली तरी काम नीट झाले असेच मानतात; किंबहुना विसरलेलेच बरे. चौकातल्या फ्लेक्सला विसरले जाणे परवडत नाही, पुढच्या वाढदिवसाला तो पुन्हा लागतो. रुग्णालयातल्या त्या खोलीत मात्र एक फाइल कपाटात जाते, तिच्यावर बंद केल्याची तारीख पडते, आणि कुणी मागितली तर ती परत काढून पाहता येते.